डाग काढू नये

प्रिय जया,

शेजारच्या कांताबाईने तुला फोनवर सांगितलं ते खरं आहे. दिग्रसच्या फोटो स्टुडिओवाल्या अंकुरचा हात मीच मोडला. लाइटचं लोखंडी स्टँड उचललं, आधी शोकेसची काच फोडली, मग त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला तरी थांबलो नाही. तो खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या. त्याचे वडील वामनराव, पंचाहत्तरीचा माणूस, मधे पडले तर त्यांनाही ढकललं. काचेवर आपटून त्यांचं कोपर फाटलं. चार जणांनी मला ओढून बाहेर काढलं तेव्हा माझा शर्ट लाल झाला होता आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. पोलिसांच्या गाडीतही मी शिव्या देतच होतो. आता जामिनावर तांड्यात आहे.

झालं असं. मागच्या महिन्यात बियाण्यासाठी नेरला गेलो होतो. गावाबाहेरच्या नव्या धाब्यावर जेवायला बसलो आणि समोर भिंतीवर फोटोत याडी. दाराएवढी मोठी. अंगात आरशांची कांचळी, हातांत कोपरापर्यंत बलिया, कानांशी चांदीची घुगरी, सगळं आपल्याच याडीचं, आणि खाली लोक मटणाची हाडं चोखत बसलेले. मालकाला म्हणालो, ही माझी आई आहे. तो हसला. दिग्रसहून विकत आणलाय म्हणाला, असे जुने फोटो हल्ली चालतात, यवतमाळच्या दोन हॉटेलांतही हाच लावलाय. ताट तसंच टाकून मोटारसायकल थेट स्टुडिओवर नेली. कुणाला विचारून विकतोस, असं अंकुरला विचारलं, तर मोबाइलवरची नजरही न उचलता तो म्हणाला, "फोटो आमच्या बाबानं काढला, निगेटिव्ह आमची. कितीही इकू, तुले काय करा लागते?" तेवढ्यावर माझा हात स्टँडकडे गेला. माझा राग तुला नव्याने सांगायला नको. लहानपणी मी घरात शिरलो की तू कणगीमागे जाऊन बसायचीस. मला ते दिसायचं, आणि आवडायचंही.

वकील भगवानरावांनी मात्र पारडं माझ्याकडे झुकवलं. "फोटो कॅमेरावाल्याचा नसते, ज्यानं पैसे देऊन काढाले लावला त्याचा असते," ते म्हणाले. वेगळा करार नसेल तर कायदा असाच आहे, आणि तो माणूस गेला की हक्क वारसांकडे येतो. म्हणजे प्रती विकायचा अधिकार अंकुरला नव्हताच. मला गुदगुल्या झाल्या. फोटो बापूंनीच काढायला लावला असणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. पुरावा म्हणून स्टुडिओचं जुनं ऑर्डरीचं रजिस्टर मागवलं. वामनराव स्वतः ते घेऊन आले, कोपराला पट्टी बांधून, माझ्याकडे न बघता.

नोंद अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरची. बापूंचं नावच नाही. लालीबाई धरमसिंग राठोड, पैसे पोचले, खाली तिचाच अंगठा. कापूस वेचणीची मजुरी घेऊन ती एकटीच दिग्रसला गेली होती. शेवटच्या रकान्यात वामनरावांच्या अक्षरात लिहिलं होतं: डाग काढू नये. फोटो मुलगी नेईल. वकिलांना उलगडा होईना. वामनरावांनी सांगितलं, त्या काळी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण, जखमा मिटवून देत असत, आणि गिऱ्हाइकांनाही तेच हवं असायचं. याडीलाही त्यांनी तसं सुचवलं. तिने ओढणी मागे सारली, कपाळ मोकळं केलं आणि म्हणाली, "हे असंच राहू द्या. पोरगी लहान हाये, तिले आता समजत नाही. मोठी झाली का पाहील ते."

जया, धाब्यावर मला आधी दिसलं ते कपाळच. दाराएवढ्या फोटोत तो व्रण वीतभर झाला होता. मी एकोणीस वर्षांचा होतो. मोटारसायकल घ्यायला याडीचे चांदीचे तोडे मागितले, तिने दिले नाहीत. मी पितळेचा तांब्या तिच्या कपाळावर हाणला. एकदा नाही, तीनदा. तू तिच्या मांडीवर होतीस, तुझ्या केसांतून रक्त धुवून काढावं लागलं. बापू मला काही बोलले नाहीत. तिलाच म्हणाले, विहिरीवर घसरले म्हणून सांग. मग तिने जन्मभर ओढणी भुवयांपर्यंत ओढली आणि तेच सांगितलं, तुलासुद्धा. तोडे मी विकलेच. याडीच्या इज्जतीसाठी बादलने हात मोडला, असं आज तांडा म्हणतो, तांड्याच्या नायकाने, प्रेमसिंगने, तर सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी तो हात मोडला, कारण माझं करणं चारचौघांच्या जेवणासमोर टांगलं होतं.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. तडजोड ठरली आहे. अंकुर तक्रार मागे घेणार, आपण त्याला प्रती विकायची लेखी परवानगी द्यायची. त्यात मी हट्टाने एक अट घातली आहे, की यापुढची प्रत्येक प्रत कपाळावरचा डाग मिटवून काढायची. वारस आपण दोघं, म्हणून तुझी सही लागते. फक्त कागद तुझ्या घरी बाभुळगावला पाठवायचा आणि फोनवर दरडावून सही घ्यायची, असंच माझ्या मनात होतं. पण काल वामनरावांनी माझ्या हातात एक पिवळं पडलेलं पाकीट ठेवलं, सत्तावीस वर्षं तुझ्यासाठी जपलेलं. तेही सोबत आहे, मी उघडलेलं नाही. आधी ते उघड, याडीकडे नीट बघ, मग सही कर किंवा कागद फाडून टाक. फाडलास तर मी बहुतेक तुरुंगात जाईन. त्याआधी तुझ्या दारात येऊन ओरडणार नाही, हात उचलणार नाही, अशी याडीची शपथ घेतो. पण माझ्या शपथेवर विसंबू नकोस. कडी लावून घे.

तुझाच भाऊ,
बादल