रेवाच्या कॉम्प्युटरला थ्री-फेज

२ नोव्हेंबर, रविवार
तुळशीचं लग्न पार पडलं. अपमानासह.
अंगणात मंगलाष्टकं चालू, आणि पाहुणे सगळे कुंपणापलीकडे इग्नेशियसच्या खिडकीकडे बघतायत. त्याच्या मुलाचा कॉम्प्युटर आतून लाल, हिरवा, निळा होत होता. तुळशीवर मी स्वतः दिव्यांची माळ सोडली होती. तिच्याकडे कुत्र्यानेही पाहिलं नाही. वर इग्नेशियस कुंपणावरून विचारतो, शरदचंद्र, तुमची लाईट गेली काय? गेली नव्हती. माळच तेवढी लागते.
आमच्या रेवाचाही कॉम्प्युटर आहे. बिल्डर लोकांसाठी ती त्यावर इमारतींची थ्री-डी चित्रं करते. पेटीला एका बाजूने काच, आणि आत मिट्ट काळोख. जोडून कोणी दिला? एव्हरशाईनवाल्याने. ज्याच्याशी तीस तारखेला तिचं लग्न आहे. काच लावतो आणि आत दिवा लावत नाही. हा माणूस संसारात काय उजेड पाडणार?
मात्र एक गोष्ट देवाने चांगली केली. एव्हरशाईनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हे धूड ठेवायला जागा नाही. म्हणून लग्नानंतरही रेवा रोज सकाळी इथे भुईगावला येऊन आपल्याच खोलीत काम करणार. आमची ही, सुमन, म्हणते, जागा काय, करतील. सुमनला चांगलं बोलायची सवय नाही.
निश्चय: कॉम्प्युटर असा सजवायचा की त्याला इथून हलवायचं तिच्या मनातच येऊ नये.

४ नोव्हेंबर, मंगळवार
रेवाला आडून विचारलं. म्हणाली, बाबा, मला लाईट नको, स्क्रीनवर पडते, चित्रातले रंग चुकीचे दिसतात.
लहानपणापासून लाजाळू. हवं असलं की नको म्हणते.

५ नोव्हेंबर, बुधवार
स्टेशनजवळच्या दुकानातून एलईडीची पट्टी आणली. दुकानदार विचारतो, तीन पिनची की चार पिनची? बोर्ड कुठला आहे? मी म्हटलं, पट्टी घ्यायला आलोय, तोंडी परीक्षेला नाही. तीनची दे.
विचार करूनच घेतली. विहिरीवरच्या पंपाला तीन फेज लागतात. चौथी वायर न्यूट्रल. तिच्यावाचून आमच्या तीन पिढ्यांच्या केळी भिजल्या. हे मी त्याला समजावलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. असं ज्ञान गिऱ्हाईकाकडे नसतं ना.

८ नोव्हेंबर, शनिवार
कंपन्या चोर आहेत.
कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावर चार खिळे, पट्टीच्या प्लगाला तीन भोकं. चौथं भोक मुद्दाम बुजवलेलं! हे काम कोणीतरी पगार घेऊन करतो. त्याला आमच्या वाडीत एक दिवस शहाळी उतरवायला लावला पाहिजे.
ढकलत होतो, तेवढ्यात रेवा आली. लगेच एव्हरशाईनला फोन. स्पीकरवर. तो म्हणतो, काका, तुमची पट्टी पाच व्होल्टची आहे, बोर्डावरची जागा बारा व्होल्टची. त्यांचं जमत नाही. जोडू नका, प्लीज. हवं तर उद्या येऊन मी बघतो.
मला व्होल्ट शिकवतो! मी विहिरीवर चारशे पंधरा खेळवतो. पाच आणि बारा म्हणजे चिल्लर. आणि जमत नाही म्हणजे काय? माझं आणि सुमनचं तरी कुठे जमतं? घर चाललंय ना?
रेवाने माझ्याकडून वचन घेतलं की त्याला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. दिलं. घरात शांतता हवी.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
मायलेकी आगाशीला मावशीकडे केळवणाला गेल्या. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. (आज तो येणार होता, पण त्यालाही केळवणाला बोलावलंय. जिथे जेवण तिथे जावई.)
उपाय सोपा होता. प्लगाचं भोक बुजलेलं आहे, तर बोर्डाचा खिळा तोडायचा. पकडीने तोडला. खिळा कुठेतरी आत उडाला, मिळाला नाही. प्लग मात्र लोण्यात सुरी जावी तसा गेला.
बटण दाबलं. उजेड! असा पांढराशुभ्र उजेड इग्नेशियसच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल. मी त्याच्या खिडकीकडे काच वळवायला गेलो, तेवढ्यात सुकट करपल्यासारखा वास आला आणि पट्टी विझली. कॉम्प्युटर ठीक आहे.
निष्कर्ष: पट्टी खराब निघाली. खिडक्या उघडल्या. उदबत्ती लावली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
सुमनने आल्या आल्या विचारलं, काय पेटवलंत? म्हटलं, उदबत्ती.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानदाराशी भांडलो. तो पट्टी परत घेईना. म्हणतो, काका, ही तुम्ही जाळलीय. मी त्याला कंझ्युमर कोर्टाची भीती घातली. तो भ्यायला नाही. हल्ली कोणी कशाला भीत नाही. शेवटी चार पिनची, बारा व्होल्टची घेतली. एव्हरशाईनवाल्याचं ऐकलं म्हणून नव्हे. माझा प्रयोगच त्या टप्प्यावर आला होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार
रेवा दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर पट्टी लावली. लागली! हिरवा आला, निळा आला. लाल येत नाही. तुटलेला खिळा नेमका लालचा होता. माझ्या नशिबात सगळं नेमकं असतं.
पण हिकमती माणूस हरत नाही. पंप उलटा फिरला तर आपण काय करतो? दोन फेज अदलाबदल. पट्टीच्या दोन वायरी कापून उलट जोडल्या. लाल आला! हिरवा गेला.
सुमनला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, लग्नघर आहे, पोरीला हिरवा चुडा भरायचा, आणि तुम्ही घरातला हिरवाच घालवलात? बोलली आणि भाजी निवडायला गेली. वाक्य मात्र माझ्या डोक्यात ठेवून गेली.
पट्टी तूर्त काढून कपाटात लपवली. हिरवा आणल्याशिवाय राहणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ ११
दोघी साड्यांना फॉल लावून आणायला गेल्या. आज हिरवा. योजना पक्की: बोर्डाची भीक मागायचीच नाही. सप्लायच्या डब्यातून एक पिवळी वायर लोंबत असते, तिच्यातून फेज थेट घ्यायचा. वाडीत शेजारच्या पेटीतून घेतो तसा.

१६ नोव्हेंबर, सकाळ ११.३०
ठिणगी. कॉम्प्युटरचे पंखे थांबले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बटणाशी प्रेमाने बोललो.
पट्टी काढून पुन्हा कपाटात ठेवली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
कॉम्प्युटर बंद का, असं रेवाने विचारलं. म्हटलं, काल लाईट कमीजास्त होत होती. ती रडली. गुरुवारी बिल्डरला चित्रं द्यायची आहेत. चित्रं ऑनलाईन सुरक्षित आहेत, पण करायची कशावर? मला फार वाईट वाटलं. जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)
संध्याकाळी एव्हरशाईनवाला आला. पेटी उघडून आत टॉर्च मारला. बराच वेळ. मग दोन बोटांनी आतून काहीतरी उचललं. तुटलेला खिळा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.
रेवा म्हणाली, अनिश, काय झालंय? तो म्हणाला, काही नाही, सप्लाय जुना होता, गेला. आणि खिळा शर्टच्या खिशात टाकला.
त्याला काहीच कळलं नाही. वाचलो.
मग खिशात का टाकला?
कॉम्प्युटर रिक्षात घालून दोघं एव्हरशाईनला घेऊन गेली. दुरुस्तीपुरता. जाताना तो हळूच म्हणाला, काका, ती पट्टी पण द्या. दिली. नाकारण्यात अर्थ नव्हता, कपाटाच्या दारातून वायर बाहेर आली होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चित्रं काल वेळेत गेली. नवीन सप्लाय आणि नवीन बोर्ड बसवला म्हणे. सध्या त्यांच्या हॉलमध्ये ठेवलाय, जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून. म्हणजे जागा झाली. सुमनने माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. हा तिचा सर्वात लागणारा प्रकार.
लग्न झालं की परत येईलच. तसं ठरलंय.

१ डिसेंबर, सोमवार
काल लग्न लागलं. जेवण चांगलं होतं. इग्नेशियस सूट घालून आला आणि माझ्यापेक्षा जास्त फोटोत आहे. पाठवणीला मी रडलो. कोणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवतो.

८ डिसेंबर, सोमवार
आजपासून रेवा कामाला येणार. लवकर आंघोळ केली. तिचं टेबल पुसलं. प्लग तपासले. वाडीतून शहाळं काढून ठेवलं.
दहाला फोन आला. बाबा, आता कॉम्प्युटर इथेच बसलाय, अनिशने सगळं नीट लावून दिलंय. रोज रिक्षा करून तिकडे येण्यापेक्षा इथेच करते. रविवारी येते ना जेवायला.
म्हटलं, हो, बरोबर आहे, उगाच दगदग.
मग तिने फोटो पाठवला. काचेच्या आत उजेड. माझीच पट्टी. मी कापलेल्या दोन वायरी पुन्हा सरळ जोडून त्यावर काळी टेप लावलेली दिसते. लाल, हिरवा, निळा, तिन्ही. खाली लिहिलं होतं, काम करताना बंद ठेवते, संध्याकाळी लावते, तुम्हाला आवडतं म्हणून.
शहाळं इग्नेशियसला दिलं.

१० डिसेंबर, बुधवार
पंप उलटा फिरत होता. दोन फेज बदलले. सुरळीत.
सांगायला रेवाच्या खोलीत गेलो. मग आठवलं.
अनिशला फोन केला. विचारलं, लाल येतो ना नीट? म्हणाला, येतो काका. मी म्हटलं, ठीक.
दुपारी सुमन म्हणाली, घड उतरलेत, ते पिकत कुठे घालायचे? रेवाची खोली रिकामीच आहे, अंधारी आहे, केळी छान पिकतील.
म्हटलं, घाल.