हद्दीबाहेरची आत्या

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या घराला कुलूप लावलं आहे. कुंड्यांना शेजारच्या काकू पाणी घालतात. दम्याचा पंप तुरुंगाच्या डॉक्टरांकडे दिला आहे. तो कोठडीत ठेवू देत नाहीत, मागावा लागेल. संकोच न करता माग.

बाबा रागावले आहेत. ताईला प्रार्थनाच करायची होती तर घरात करायची, बॉम्बच्या कारखान्याच्या फाटकात कशाला जाऊन बसली, असं भेटेल त्याला विचारतात. मग तिचं पांघरूण जाड आहे ना, हेही विचारतात.

वकीलबाई म्हणाल्या, पुन्हा त्या फाटकाकडे जाणार नाही एवढं लिहून दिलंस तर लगेच सुटशील. नाहीतर सुनावणीपर्यंत आत, आणि पुढे शिक्षा. कोठडीला ओल आहे आणि तुझी छाती मला माहीत आहे. लिहून दे.

माझ्यावर लोभ असेल तर तो सही करून दाखव.

तुझी,
भाची

९ जानेवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र कसलं ते, मोजणीचा अहवालच! तरी दोनदा वाचला.

सही नाही करणार, बाळा. जन्मभर नर्स होते, भाजलेल्या पोरांच्या पट्ट्या बदलल्यात. देवापुढे हात जोडायचे आणि त्या फाटकासमोरून मान खाली घालून जायचं, हे मला जमेना. म्हणून आम्ही तिघं पोलिसांना आधी कळवून जाऊन बसलो. हात उचलायचा नाही, खोटं बोलायचं नाही, शिक्षा चुकवायची नाही, एवढंच आमचं ठरलेलं.

मास्तर पुरुषांच्या बाजूला आहेत. शिंपीणबाई माझ्याच कोठडीत. रात्रभर घोरतात आणि सकाळी मलाच विचारतात, झोप लागली का! त्यांचे गुडघे धरतात म्हणून कोरडी जागा त्यांना दिली आहे. मला खोकला आहे थोडा. पांघरूण पातळ आहे. ते बाबाला सांगू नकोस, आणि जाड आहे असंही सांगू नकोस.

रागावलीस तरी जेवत जा.

तुझी,
आत्या

१५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी यंत्र घेऊन फाटकापाशी गेले. जमीन मोजणं हे माझं काम आहे. पहारेकऱ्याने हटकलं, पण मी सरकारी रस्त्यावर उभी होते. हद्दीचे दोन्ही दगड गवतात सापडले.

कारखान्याने रंगवलेली पांढरी रेघ रस्त्यात पुढे आली आहे. खरी हद्द तिच्या बरीच आत, फाटकाजवळ आहे. वकीलबाईंकडचा अटकेच्या दिवशीचा फोटो त्याच्याशी ताडून पाहिला. मास्तर आणि शिंपीणबाई फाटकाला टेकून, म्हणजे हद्दीच्या आत आहेत. तू नेहमीप्रमाणे दुसऱ्यांना जागा करून देत मागे सरकलीस आणि पूर्णपणे रस्त्यावर राहिलीस. सगळ्यांनी, तूसुद्धा, ती रेघच हद्द धरली. आरोप हद्दीत शिरल्याचा आहे, म्हणजे तू कायदा मोडलेलाच नाहीस.

कुठे बसला होतात, असं न्यायालयात तुला विचारतील. तू खोटं बोलणार नाहीस, या भरवशावरच मी मोजलं.

रागवायचं असेल तर घरी येऊन रागव. तेवढा तुझा हक्क आहे.

तुझी,
भाची

२२ जानेवारी

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

घरी आले. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा रस्त्यावर होते हे कबूल केलं. आत बसायचं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, बसायचं मनात असणं हा गुन्हा नाही. मास्तर हळूच म्हणाले, नर्सबाई, तुम्हाला साधा गुन्हाही धड करता येत नाही! आम्ही तिघंही हसलो. मग त्या दोघांना परत गाडीत घातलं. चढण्याआधी शिंपीणबाईंनी माझी शाल नीट केली. मी एकटी पायरीवर उभी राहिले.

तुझा फार राग आला होता. पण तू खरं तेच मोजलंस. बाबाने चहा करून दिला, अगदी पांचट. दोन कप प्याले.

शुक्रवारी पुन्हा जाणार आहे. पोलिसांना कळवलं आहे. या वेळी चूक नको. नेमकी कुठे बसू, सांग. आणि खरं सांग.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आत्या

२६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला उशीर केला. रस्त्यावरचीच जागा दाखवली असती तरी तुला कळलं नसतं. तुला पुन्हा सोडलं असतं आणि मला झोप लागली असती. तसं लिहिलेलं पत्र फाडलं. माझ्या मोजणीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं माझ्याकडे फार नाहीत.

फाटकाचा डावा खांब. पांढऱ्या रेघेकडे बघू नकोस. खांबाला पाठ टेकव आणि पाय जवळ घे. तिथे तू पूर्ण त्यांच्या हद्दीत असशील. कुणी आलं तरी मागे सरकू नकोस.

शुक्रवारी मी रजा टाकली आहे. समोरच्या फुटपाथवर उभी असेन. प्रार्थना मला येत नाही, आणि आत मी येणार नाही. तुला गाडीत चढवतील तेव्हा मान वळवून बघ. हात वगैरे हलवायची नाही मी. पण गाडी वळेपर्यंत तिथेच असेन.

लोभ मागायची मला सवय नाही. आहे तसा असू दे.

तुझी,
भाची