दीक्षाले डॉक्टरकडे नेऊन राहिलो

भावना,

घराले कुलूप पाहून घाबरू नको. दीक्षा माझ्यासोबत आहे. तुले दोनदा फोन लावला, उचलला नाही, म्हणून लिहून राहिलो.

सकाळी तुम्ही दोघं ऑफिसले गेल्यावर ती माझ्या पलंगापाशी येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, मेरा जीने का मन नहीं करता." जिवाचं काही करून घ्यायचं मनात येते काय, असं मी सरळच विचारलं. खाली पाहत ती "हव" म्हणाली. तेव्हापासून मी तिले एकटं सोडलं नाही.

चौबे कॉलोनीत मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिकडे नेतो. सुशील म्हणेल, पोट्टीचे नखरे आहेत, उद्या लग्न करायचं आहे, लोक काय म्हणतील. बाप आहे, त्यालेही भीती वाटत असेल. पण त्याले म्हण, काय बोलायचं ते मले बोल. तिले आज कोणी 'काहून, कशामुळे' विचारू नका.

वरणभात झाकून ठेवला आहे. पण तू जेवाले थांबू नको, सरळ तिकडेच ये. ऑटो आला. चप्पल घालता घालता ती आत्ताच म्हणाली, "मम्मी को भी बुला लो."

बाबा