बनवणारा गैरहजर

१९ नोव्हेंबर २००१, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! सकाळी गडहिंग्लजहून निघालो, गारगोटीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलो, तर मालक गणपतराव स्वतः जीप घेऊन उभे. "या पावणं, तुमचीच वाट बघतोय की!" असं म्हणून माझी पिशवी त्यांनीच उचलली. शेड रस्त्यापासून बरंच आत, चारी बाजूंनी ऊस. लेथ जुना, पण काय राखलाय! काम पकडणारा चक हातानं फिरवून बघितला, लोण्यासारखा फिरतो. राहायला शेडला लागूनच खोली, कॉट, कोरी बादली. स्वयंपाकाला विठाबाई म्हणून साठीच्या बाई येतात. त्यांच्या हातची भाकरी आणि मिरचीचा खर्डा खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तशा त्या हसल्या. आयटीआयचं सर्टिफिकेट मालकांनी झेरॉक्सला नेलं. घरी अव्वाला उद्या पत्र टाकायचं: श्रीशैलचं बस्तान बसलं म्हणून.

२४ नोव्हेंबर
काम एकाच मालाचं, वीतभर लांबीच्या पोकळ नळ्या. जनरेटरचा आवाज कमी करायला लागतात, असं मालक म्हणाले. माझ्या आधी या लेथवर विठाबाईंचा मुलगा आकाराम होता. तो आता गुजरातेत मोठ्या कारखान्यात आहे. त्याची कार्डं येतात, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. राखणदार केरबा फाटकाला दिवसाही कुलूप घालतो. पितळ चोरीला जातं म्हणे.

२ डिसेंबर, रविवार
घरी जाऊन येतो म्हटलं. मालक म्हणाले, कोर्टाची तारीख होऊ दे, मग आठवडाभर जावा. कसलं कोर्ट, ते सांगितलं नाही.
दुपारी जीपमधून एक पाहुणा आला. त्यानं बंदूक काढली आणि तिच्या तोंडाला माझी नळी बसवली. आवारातल्या बांधावर एक कुत्रं झोपलं होतं. त्याच्यावर धरली. ओलं पोतं जमिनीवर टाकावं एवढाच आवाज झाला. कुत्रं उठलं नाही. पलीकडच्या वाफ्यात बगळे होते, ते उडालेसुद्धा नाहीत. मी खिडकीतून बघत होतो.

३ डिसेंबर
सरळ विचारलं. गणपतरावांनी काहीच लपवलं नाही, त्याचीच भीती वाटली. तीन वर्षांपूर्वी धाड पडली होती, अशाच नळ्या सापडल्या. बंदुकीचा आवाज दाबायला केलेली नळी कायद्यानं हत्यारच धरतात, जवळ बंदूक नसली तरी. त्यांच्या वकिलानं त्यालाच आव्हान दिलंय. नळी ती नळी, मोटरसायकललाही बसेल. ती कशासाठी केली, हे बनवणाऱ्याशिवाय कोण सांगणार? "आणि बनवणारा गैरहजर हाय," असं म्हणून ते हसले. एकदा का निकाल बाजूनं लागला की धंदा उजळ माथ्यानं करायचा.
मी म्हणालो, मला हे काम नको, सर्टिफिकेट द्या. "तारखेनंतर," म्हणाले. फाटकापर्यंत गेलो. केरबानं किल्ली दाखवली आणि परत कमरेला खोचली.

११ डिसेंबर
विठाबाईंना अक्षरओळख नाही. आकारामचं नवीन कार्ड त्यांनी वाचायला दिलं. प्रिय आई, बरा आहे, काळजी करू नको, इकडं पाऊस लय पडतोय.
डिसेंबरात?
तारीख वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं घातलेली. शिक्का गारगोटीचा.
पावसाचं वाक्य गाळून वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड कपाळाला लावलं.

१५ डिसेंबर
मी काम थांबवलं होतं. परवापासून जेवण एकवेळ. आज परत लेथवर उभा राहिलो. आवाराची भिंत दीड पुरुष उंच, वर काचा. जीप निघून गेली की ओरडून बघतो. उसातून कुणी ओ देत नाही. तोडकरी बिद्रीच्या कारखान्याकडं पांगलेत, इकडं टोळी अजून यायची आहे.

२० डिसेंबर
मालकांनी आज सहा कार्डं आणून दिली. कोरी. अव्वाला लिहा म्हणाले — खुशाली तेवढी लिहा, मराठीतच लिहा, कानडी नको.
तारीख घालू नका म्हणाले. ती आम्ही घालतो.

केरबा दारात उभा राहिला. सहाही लिहिली. प्रत्येकावर 'प्रिय आई' लिहिलं. मी तिला जन्मात आई म्हटलेलं नाही, कानडीत अव्वाच. तिला कळेल का? कार्ड शेजारचे मास्तर वाचून दाखवतात, ते कदाचित 'आई'च्या जागी अव्वा असंच वाचतील —

२७ डिसेंबर
विठाबाईंना सांगून टाकलं. पाऊस, शाई, शिक्का, सगळं. वाटलं, रडतील. त्या परातीत पीठ मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला पयल्याच कारडाला कळलं हुतं. त्येच्या बोलण्यात मी आये नसतीय, म्हातारे असतीय. पर तोंड उघडलं असतं तर कारडं बी बंद झाली असती."
जाताना त्यांनी माझ्या गावाचा, गल्लीचा, अव्वाचा पत्ता तीनदा म्हणून घेतला. कागद नको म्हणाल्या, केरबा पिशवी तपासतो. रविवारी त्या गडहिंग्लजच्या गाडीत बसणार.

३१ डिसेंबर
विठाबाई आल्या नाहीत. केरबानं भात ठेवला. विचारलं, तर पाठ फिरवून फाटकाकडं गेला.

२ जानेवारी
आजही नाहीत. पोचल्या असतील? की फाट्यावरच कुणी —
खोलीला बाहेरून कडी.

४ जानेवारी २००२
दुपार. कोर्टाची तारीख आज होती. जीप आली. हॉर्न वाजवतच आली.

गणपतराव खिडकीशी आले. गजातून पेढा दिला. कोर्टानं सोडलं म्हणाले. नळी कशासाठी केली ते शाबीत झालं नाही. बनवणारा सापडला नाही म्हणून.
मला म्हणाले, तुमचं काम आकारामपेक्षा सुबक.
विठाबाईंचं विचारलं. म्हणाले, म्हातारीला लेकाकडं पोचवली.

पेढा हातातच आहे. जीपचं मागचं फळकूट उघडल्याचा आवाज. केरबा खोरं —

अव्वा, कुणी हे वाचलं तर, नळ्या मी केल्या, शेड गारगोटीच्या अलीकडं, फाट्यापासून आत डावीकडं, दुसऱ्या विहिरीच्या