आपला खाडा आपल्या नावावर

आई,

आज गुरुवार, मार्च निम्मा झाला आहे. कंपनीला साप्ताहिक सुट्टी. सकाळी कपडे मशीनला लावले, मोशीच्या बाजारातून गवार आणि कोथिंबीर आणली, गवार निवडून भाजी केली. पोळ्या खालच्या मजल्यावरच्या बाई करून देतात. जेवून भांडी घासली. दुपारी तीनला आयर्लंडहून तुझ्या सुनेचा फोन आला, तिलाही आज सुट्टी होती. चाळीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यापासून मी टेबलापाशीच बसून आहे. तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. तू होतीस तेव्हाही कधी लिहिलं नव्हतं, कारण आपण पत्र लिहिण्याइतके लांब कधी राहिलोच नाही.

तुला माहीत नाही ते आधी सांगतो. ती अडीच वर्षांपूर्वी तिकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली. वर्षभराने मुलीला नेलं. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता सतराची आहे. मी मागे राहिलो. चाकणला त्याच कंपनीत आहे, प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशीनचा मेंटेनन्स बघतो. मागच्या महिन्यात माझा पासपोर्ट व्हिसाचा शिक्का मारून परत आला. कायमचं जायचं आहे, तिघांनी एकत्र राहायचं म्हणून. आणि मी तिकीट काढत नाही. आधी म्हटलं, ऑडिट होऊन जाऊ दे. मग म्हटलं, फ्लॅटला भाडेकरू मिळू दे. आज म्हणालो की एवढा उन्हाळा होऊ दे. ती म्हणाली, "तेव्हा आई होत्या. आता कुणाचं नाव सांगणार आहात?"

ती चिडून बोलली असती तर मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो. पण ती साधेपणाने विचारत होती, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखी. आणि मला एकदम थेरगावची आपली पाटी आठवली.

डांगे चौकाच्या मागच्या त्या दोन खोल्या. बाबा गेल्यावर दोन वर्षांत तू खानावळ उभी केलीस, तेव्हा मी आयटीआयला होतो. पुढच्या खोलीत जेवायला बसणारी सगळी कंपनीतली पोरं, बरीचशी आपल्याच लातूर, उदगीरकडची. स्वयंपाकघराच्या दाराशी काळी पाटी टांगलेली, तिच्यावर सगळ्यांची नावं, आणि ज्याला उद्या जेवायचं नाही त्याने आदल्या दिवशीच आपल्या नावापुढे फुली मारायची. तो त्याचा खाडा. खाडा न सांगता कुणी गैरहजर राहिलं आणि भात उरला, की तू दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायची नाहीस, नुसतं वाढायचीस. पोरं त्या गप्प वाढण्याला फार भ्यायची. एरवी मात्र तोंडाला तोंड चाललेलं असायचं. "मावशी, आज भाजी कसली?" "काल इचारलीस तीच." "मग कालचीच असंल." "खा गप. तुझ्या मायनं तरी रोज नवी केली व्हती का?"

त्यात एक उंच टर्नर होता. त्याचा खोलीतला जोडीदार दुसऱ्या पाळीला असायचा, त्याचा डबा आपण संध्याकाळी कंपनीच्या गेटवर पाठवायचो. टर्नरला निगडीला मुलगी बघायला बोलावलं होतं आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं, नाहीतर पोरांनी त्याला महिनाभर सोडलं नसतं. म्हणून त्याने स्वतःच्या नावापुढची जागा तशीच ठेवली आणि फुली जोडीदाराच्या नावापुढे मारली. त्याचा हिशोब असा, की जेवण तर एकच कमी होणार, आपलं ताट जोडीदाराला मिळेल, कुणाचं नुकसान नाही. पण तू डबे नावाने भरायचीस. जोडीदाराच्या नावापुढे फुली, म्हणून त्याचा डबा गेलाच नाही. तो आख्खी पाळी उपाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा आहे. "मावशी, माझं काही चुकलं का?" तू त्याला पाटी दाखवतेस. तो म्हणतो, ही फुली माझी नाही. तू त्याला आत बसवतेस, गरम भाकरी वाढतेस, आणि काल न सांगता गैरहजर राहिलेला टर्नर आंघोळ करून येईपर्यंत थांबतेस. तो येतो आणि पाटीकडे बघून त्याचा चेहरा पडतो. सगळ्यांसमोर त्याला मुलीचं सांगावं लागतं. पोरं टाळ्या वाजवतात. तू हसत नाहीस. "पोरगी बघाय गेलास, चोरी केलीस का? जायचं तर खुशाल जावं माणसानं. पण आपला खाडा आपल्याच नावावर टाकावा. दुसऱ्याला उपाशी का ठेवायलास?" पुढे कितीतरी दिवस ते आपल्या खानावळीतलं बोलणं होऊन बसलं. कुणी कुणावर ढकललं, की बाकीचे म्हणायचे, राव, कुणाच्या नावावर खाडा टाकायलास?

आता तुला ठाऊक असलेली गोष्ट लिहितो, कारण ती मी तुझ्याशी कधी बोललो नाही. तेरा वर्षांपूर्वी कंपनीने मला युरोपातल्या त्यांच्या नव्या प्लांटवर पाठवायचं ठरवलं होतं. तीन वर्षं, बायकोमुलीसकट. तोवर खानावळ बंद झाली होती, आपण मोशीच्या या फ्लॅटमध्ये आलो होतो. तुझ्या सुनेला किती आनंद झाला होता. लेकीसाठी तिने मापापेक्षा मोठा जाड स्वेटर आणून ठेवला, म्हणाली थंडीपर्यंत बरोबर बसेल. मी आठ दिवस होय-नाही केलं आणि नवव्या दिवशी साहेबांना नाही म्हणून सांगून आलो. घरी येऊन तिला म्हणालो, आईला एकटं टाकून कसं जायचं. तू आत मेथी निवडत होतीस. दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्युटीला गेल्यावर तू माझ्यासमोर चहा ठेवलास आणि उभीच राहिलीस. "का रं, मी कधी नको म्हणले?" मी बशी पुढे ओढली. "मी म्हणले व्हते, जावा, माझं माझं बघंन. बहीण हाय लातूरला, शेजार हाय. मग माझ्या नावावर खाडा का टाकायलास?" मी चहा पीत राहिलो. तू म्हणालीस, "भ्या वाटत असंल तर भ्या वाटतंय म्हण. पर तिला खरं सांग." मी म्हणालो, सांगतो.

मी सांगितलं नाही. कशाची भीती होती, तेही आज लिहितो. एकदा पुण्याच्या ऑफिसात आम्हा चौघांना बोलावलं होतं आणि परदेशी साहेबांसमोर इंग्रजीत बोलायचं होतं. मशीन मला पाठ होती. तोंडातून तीन वाक्यं आली आणि पुढे काही येईना. शेजारच्या पोराने, माझ्या हाताखालच्या, माझं राहिलेलं बोलून टाकलं. कुणी हसलं नाही, उलट सगळे चांगले वागले. पण इथे शॉपमध्ये मी प्रेसच्या आवाजावरून सांगतो की बेअरिंग जाणार आहे, आणि माणसं माझा शब्द मानून मशीन थांबवतात. तिकडे मला रोज त्या खोलीत उभं राहावं लागणार असं वाटलं. एवढंच होतं. तुझा त्यात काहीही संबंध नव्हता.

त्या नकारानंतर चार वर्षं तुम्ही दोघी या घरात राहिलात. ती तुझ्याशी कधी वाईट वागली नाही. औषधं वेळेवर, पथ्य, शेवटच्या तीन महिन्यांत तुला उचलून बसवणं, अंग पुसणं, सगळं तिने केलं, हॉस्पिटलची ड्युटी करून केलं. पण पूर्वी तुम्ही दोघी दुपारी एका ताटात शेंगा घेऊन बोलत बसायचात, ते त्या दिवसापासून बंद झालं. मला ते दिसत होतं. मी कंपनीतून आल्यावर तुम्ही दोघी दोन खोल्यांत असायचात. मी टीव्ही लावायचो.

म्हणून आज तिने विचारलं, आता कुणाचं नाव सांगणार, तेव्हा मी म्हणालो, "तेव्हाही आईमुळे नव्हतं."

"म्हणजे?"

"आई जा म्हणत होती. मीच घाबरलो होतो."

फोनवर तिकडून किटली उकळल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग ती म्हणाली, "पण आईंनी मला स्वतः सांगितलं होतं."

मला काही कळेना. ती सांगत गेली. मी नकार देऊन आठवडा झाला असेल. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तू चिमट्यांची पिशवी घेऊन तिच्याजवळ गेलीस आणि म्हणालीस, "बाई, त्याला बोल लावू नको. मीच रडून अडवलं त्याला." तिने तुला विचारलं होतं, का अडवलंत? तू म्हणालीस, "म्हातारपणी माणूस आपमतलबी व्हतंय."

आई, तू आठ दिवस माझी वाट पाहिलीस, मी सांगीन म्हणून. मग स्वतः जाऊन माझी फुली आपल्या नावापुढे मारून आलीस. टर्नरला सगळ्यांसमोर बोललीस ती तू, आणि मला मात्र कधी एका शब्दाने कळू दिलं नाहीस. चार वर्षं या घरात तिचं गप्प वाढणं जेवत राहिलीस.

हे सांगून तिने चहा ओतून घेतला. मग म्हणाली, "मी त्यांचं सगळं केलं हो. पण मनातून कधी केलं नाही. हे तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं." मी हो म्हणालो. तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "त्यांना माझ्या हातची शेंगांची चटणी लागायची. मी मुद्दाम करायची नाही कधी कधी." हे तिने मला का सांगितलं कळलं नाही. तुला सांगायचं असावं.

नंतर तिने विचारलं, "आणि आता? यायचंय की नाही?"

मी म्हणालो, सांगतो.

"तुमचं सांगतो मला माहीत आहे," ती म्हणाली. "हो की नाही, एक बोला. नाही म्हणालात तरी चालेल, मी रडेन आणि कामाला जाईन. पण मला वाट बघायला लावू नका. पोरगी विचारते, बाबा येणार का. परवा इंग्रजीत विचारलं तिने. मी मराठीत लांबण लावली तर म्हणाली, हो की नाही ते पटकन सांग ना."

मी म्हणालो, "यायचंय. पण मला अजून तेवढीच भीती वाटते. पन्नाशी आली, तिकडे मला कोण काम देणार. दिवसभर घरात बसून तुझी वाट बघायची."

"बघा की," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं तुमच्या तिन्ही पाळ्यांची वाट बघितली." आणि पुढे, "मीपण घाबरले होते. पहिले तीन महिने बसमध्ये रडायची. ड्रायव्हर ओळखीचा झाला, तो बिचारा काही विचारायचा नाही."

अडीच वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

तर मी हो म्हणालो आहे. आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. इथे माझं फार काही आहे असंही नाही. सकाळची कंपनीची बस, चाकण चौकातली गर्दी, शॉपमधली दहा-बारा माणसं, गुरुवारची सुट्टी. संध्याकाळी घरी आल्यावर मी कुणाशी बोलत नाही. तरी सोडायचं म्हटलं की एवढंही सुटत नाही. तू गाव सोडून बाबांच्या मागोमाग थेरगावला आलीस तेव्हा तुला असं काही झालं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तू म्हणायचीस, पहिलं वर्षभर नळाचं पाणी गोड लागलं नाही. तेवढंच मला माहीत आहे.

आता तू नाहीस, म्हणून मी खरं बोललो. माझ्या अंगी धीर आला असं समजू नकोस. आज तू आत मेथी निवडत असतीस, तर मी पुन्हा तुझंच नाव सांगितलं असतं. ते मला नीट माहीत आहे. हे तुला कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं.

उद्या पहिली पाळी आहे. सकाळीच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन राजीनाम्याचं सांगायचं आहे. युनिफॉर्मच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं आहे, ते लावायला बसलो आहे. सुईत दोरा ओवायला आता चष्मा लागतो. तीनदा चुकला, चौथ्यांदा गेला.