या वेळी गोश्त नाही

दाभोळ,
१२ फेब्रुवारी २००५

प्रिय झुबेर,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे ठीक. तू, इफ्फत आणि मुलं सुखरूप असाल, हीच दुआ.

हे पत्र मोहल्ल्यातल्या अनसबरोबर पाठवतोय. सोबतची पिशवी उघडल्यावर तू रागावशील. बकरी ईदनंतर अम्मी मीठ-हळद लावून गच्चीवर गोश्त सुकवायची. तिच्यामागे मी सुकवत आलो आणि कुवेतला तुझा वाटा कधी चुकला नाही. या वेळी पिशवीत नाचणीचं पीठ आणि कुळीथ आहेत. कुर्बानी झाली, तुझ्या नावाचीही. सगळं ताजंच वाटून टाकलं. वाटणीवरून कुणाचं काही बिनसलेलं नाही.

मला डॉक्टरांनी गोश्त बंद करायला सांगितलंय. म्हणाले, “रमजानभाई, एका घासाने काही होत नसतं. पण वर्षानुवर्षं खारवलेलं, तळलेलं, रोजचं मटण, आणि भाजी नावाला. त्याने आतड्यात बारीक सूज टिकून राहते, गाठीचा धोका वाढतो. घरात आधी कुणाला झालं असेल तर आणखी.” कुर्बानीचं गोश्त टाळणं गुन्हा का, हे मौलानांना विचारलं. ते म्हणाले, शरीर ही अल्लाहने जपायला दिलेली अमानत आहे. आता पालेभाजी खातो. तुझी भाभी म्हणते, “माझ्या भाजीची चव कळायला तुम्हाला पन्नाशी गाठावी लागली.”

डॉक्टरकडे कशाला गेलो, हे तू विचारशीलच. डिसेंबरात मी आपल्या उझमासाठी स्थळ बघायला कोल्हापूरला गेलोय, असं भाभीने तुला फोनवर सांगितलं होतं. स्थळ नव्हतं. माझं ऑपरेशन झालं. आतड्यातली गाठ काढली, कॅन्सरची. वेळेत सापडली म्हणतात. नमाज अजून खुर्चीवर बसून पढतो.

अम्मीला शेवटी जे रक्त जायचं, त्याला आपण मूळव्याध म्हटलं. दाखवलं नाही. मीही वर्षभर स्वतःला तेच सांगत राहिलो.

मागच्या मे महिन्यात तू आला होतास. फजरच्या नमाजेला तुला उशीर झाला, तेव्हा हसत म्हणालास, “मूळव्याध, भाई. आपल्या खानदानाची इस्टेट.” मीही हसलो. तेव्हा मलाही रक्त जात होतं. धाकट्या भावासमोर बोलायची लाज वाटली. त्याला नऊ महिने झाले, झुबेर.

आतड्याची दुर्बिणीने तपासणी तिथेही होते. इफ्फतला बरोबर घेऊन जा. कंपनीला कळलं तर नोकरी जाईल, असं तुझ्या मनात येईल. गेली तर इथे घर आहे. आजपासून गोश्त सोडलंस तरी मागचं पुसलं जात नाही, म्हणून आधी तपासणी, मग नाचणी.

उत्तरात बाकी काही नको. ‘दाखवलं’ एवढंच लिही. तोवर प्रत्येक नमाजेनंतर पहिली दुआ तुझ्यासाठी.

उशिरा बोललेला,
तुझा भाई
रमजान