भाऊसाहेबांची फरशी

वाशीम, मंगळवार, संध्याकाळ

पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या घरात, दाताखाली पत्ती येणारा चहा प्यावा लागावा, यापुढे लोकशाहीत उरलं काय? गाळणी गेली. नेली मीच, हे खरं. पण हेतू उदात्त होता. सुमीने हॉस्टेलला जाताना आपला दाढीवाला सरडा, भाऊसाहेब, माझ्या हवाली केला. वाळवंटातला प्राणी, म्हणून मी त्या गाळणीने रेती गाळून पेटीत पसरली. माझी निवड सहसा चुकत नाही.

दोन दिवस भाऊसाहेबांनी ना काही खाल्लं, ना शी केली.

"किड्यासंगं रेती गिळून राह्यला तो," बायको म्हणाली. "मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं, फरशी टाका म्हून. त्याले काई झालं तं पोरीले काय सांगसान?"

"वाळवंटात कोण फरशी टाकते?"

"वाळवंटात तुमी नसता."

जनावरांचे डॉक्टरही फोनवर तेच बोलले. रेती काढा, कोमट पाण्यात बसवा. मग न्हाणीघराची उरलेली फरशी टाकली. खरबरीत; गुळगुळीतवर नखं घसरतात. तीही हिनेच निवडली. आज दुपारी शी झाली, रेतीसकट! लगेच सुमीला पेटीचा फोटो पाठवला. माझं पुस्तक छापून आलं तेव्हाही इतका आनंद... असो.

"बाबा, मस्त फरशी निवडली," तिचं उत्तर आलं. मी तासभर ते तसंच राहू दिलं. का? सवय.

आत्ता लिहिलं, "आईने निवडली." आणि बाजारातून आणलेली नवी गाळणी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.